अर्ध्या तासाची शाळा

घरात लहान मूल असले म्हणजे आईचा दिवस कसा जातो, हे आपण सारेच पाहतो. पहाटे उठल्यापासून पाणी, चूल, भाकरी, डबा. मग बाळाची अंघोळ, दूध, झोप. झोपते न झोपते तोच रडणे. धुणे, भांडी, केर, पुन्हा भाकरी. रात्री अंग टेकते तेव्हा दिवस कुठे गेला, हे तिचे तिलाच सांगता येत नाही.

अशा बाईला कोणी म्हणाले, "अगं, मोबाइलवर घरबसल्या शिकता येतं. तूही काहीतरी शीक की," तर ती हसेल. म्हणेल, "डोकं खाजवायला फुरसत नाही मला. शिकू कधी?"

तिचे म्हणणे खोटे नाही. सलग दोन तास तिला कधी मिळत नाहीत. पण शिकायला सलग दोन तास लागतातच का? या पाठात आपण हाच प्रश्न पाहू. रोजच्या अर्ध्या तासात, तोही तुटक असला तरी, काय शिकता येते आणि ते कसे शिकावे, हे समजून घेऊ. एखाद्या घरी बाप मूल सांभाळत असेल, तर त्यालाही हे सारे लागू आहे.

ऑनलाइन शिकणे म्हणजे काय?

शाळेत गुरुजी आणि मुले एकाच खोलीत असतात. ऑनलाइन शिकताना गुरुजी एका गावी आणि शिकणारी बाई दुसऱ्या गावी असते. गुरुजींनी शिकवलेला धडा दूरच्या एका मोठ्या संगणकात साठवून ठेवलेला असतो. तिथून तो इंटरनेटच्या वाटेने गावाजवळच्या टॉवरपर्यंत येतो आणि टॉवरवरून आपल्या मोबाइलमध्ये उतरतो.

यात एक मोठी सोय आहे. वर्गातले गुरुजी बाळ रडले म्हणून थांबत नाहीत. मोबाइलवरचा धडा थांबवता येतो. मागे नेता येतो. दहा वेळा पाहता येतो. दहाव्या वेळीही तो शिकवणारा रागावत नाही. लहान मुलाच्या आईला यासारखी दुसरी सोय नाही.

दूरचा आवाज ऐकून शिकणे आपल्याकडे नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या निवडक गावांत रेडिओ दिले. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत. शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरचा कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपला की कोणी लगेच उठून जात नसे. त्यावर बोलणे होई. पटलेली गोष्ट गावात करून पाहायची, असे ठरे. या प्रयोगाचे सूत्र होते: ऐका, चर्चा करा, कृती करा.

रेडिओ गेला, मोबाइल आला. पण सूत्र तेच आहे. नुसते ऐकून किंवा पाहून कोणी शिकत नाही. विहिरीच्या काठावर बसून शंभर पोहणारे पाहिले, तरी पोहता येत नाही. पाण्यात उतरावेच लागते. मोबाइलवर तासभर शिवणकामाचे धडे पाहिले आणि कात्री हातात धरली नाही, तर ती करमणूक झाली. शिकणे झाले नाही.

तुटका वेळ कमअस्सल नाही

हेर्मान एबिंगहाउस नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ होते. माणूस पाठ केलेले विसरतो कसा, याचा त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. काहीही अर्थ नसलेले छोटे छोटे उच्चार ते पाठ करीत. मग किती वेळाने किती आठवते, ते मोजून ठेवीत. १८८५ साली त्यांनी आपले म्हणणे पुस्तकात मांडले. त्यांना काय दिसले? एकाच बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा, तीच उजळणी दिवसादिवसांवर वाटून केली तर ती अधिक उपयोगी पडते. नंतरच्या अनेक अभ्यासकांनाही हेच आढळले.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वर्षाचा पाऊस एकाच दिवशी कोसळला तर पाणी वाहून जाते, मातीही नेते. तोच पाऊस रिमझिम, दिवसाआड पडला तर मुरतो.

म्हणजे आईचा तुटक अर्धा तास वाया जाणारा नाही. मात्र त्याला तीन अटी आहेत. पहिली अट, एका वेळी एकच लहान गोष्ट घ्यावी. दुसरी अट, ती स्वतःच्या हाताने करून पाहावी. तिसरी अट, उद्या नवे सुरू करण्याआधी कालचे एकदा आठवून करावे. या तीन अटी पाळल्या तर थेंबे थेंबे तळे साचते.

एक उदाहरण

समजा, एका गावात एक सूनबाई आहे. तिला पाच वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा. ती दहावीपर्यंत शिकलेली. गावात दहा बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याला प्रत्येकीने शंभर रुपये भरायचे. म्हणजे महिन्याला एक हजार रुपये आणि वर्षाला बारा हजार रुपये जमतात. त्यातूनच अडीनडीला बायकांना कर्ज मिळते.

एका बैठकीत पन्नास रुपयांचा मेळ बसला नाही. वहीत एक आकडा आणि पेटीत दुसरा. पन्नास रुपये काही फार नाहीत. पण बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. गट पैशावर चालतो असे आपण म्हणतो. खरे तर तो विश्वासावर चालतो. म्हणूनच नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही बचत गटाची पंचसूत्री मानली आहे. पाचवे सूत्र सुटले की बाकीची चार टिकत नाहीत.

बायका सूनबाईला म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. हिशेब तू बघ." तिने मनाशी ठरवले, की मोबाइलवर हिशेबाची शीट लिहायला शिकायचे. पदरी काय होते? एक मोबाइल, दुपारी बाळ झोपते तो वेळ, आणि एक वही.

शीट चालते कशी?

शीट म्हणजे चौकटींची वही. उभ्या रांगा आणि आडव्या ओळी. जिथे रांग आणि ओळ भेटतात, तिथे एक घर. उभ्या रांगांना अक्षरांची नावे असतात आणि आडव्या ओळींना आकडे. त्यामुळे प्रत्येक घराला पत्ता मिळतो. पोस्टमनला जसा घर नंबर, तसाच हा पत्ता.

पहिल्या दिवशी सूनबाईने इतकेच केले. शीट उघडली, तिला गटाचे नाव दिले आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शोधून उघडली आणि पहिल्या रांगेत दहा जणींची नावे लिहू लागली. चार नावे झाली, बाळ उठले. तिने वहीत लिहिले, "चार नावे झाली." तिसऱ्या दिवशी उरलेली सहा.

मराठी अक्षरे लिहिताना ती जोडाक्षराला अडली. मग तिला कळले, की कागदावर आपण अक्षराचा पाय मोडतो, तसाच इथेही मोडायचा. 'प्र' हवा असेल तर आधी प, मग पाय मोडण्याची खूण, मग र. दोन्ही हात कामात असतील तर कळफलकावर माइकचे चित्र असते. ते दाबून मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात. मात्र उमटलेले एकदा वाचून पाहावे. यंत्र कधी कधी 'सुमन'चे 'समान' करते.

पुढच्या आठवड्यात ती पैशांच्या रांगेकडे वळली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. रकमेचे आकडे इंग्रजी पद्धतीने लिहावेत. मराठी अंक शीट बेरजेत धरीलच असे नाही. ती त्यांना नुसते अक्षर समजू शकते.

मग बेरीज. रांगेच्या खालच्या रिकाम्या घरात आधी 'बरोबर'ची खूण करायची. ही खूण म्हणजे शीटला दिलेला हुकूम, की "इथे मी अक्षर लिहीत नाही, तू हिशेब कर." त्यापुढे इंग्रजी अक्षरांत 'सम' हा शब्द, आणि कंसात पहिल्या घराचा व शेवटच्या घराचा पत्ता. दोन पत्त्यांच्या मध्ये एकावर एक दोन टिंबे. इतके केले की बेरीज तयार. आणि खरी गंमत पुढेच आहे. एखादीने शंभराऐवजी दोनशे भरले, तर तिच्या घरात आकडा बदलायचा. खालची बेरीज आपोआप बदलते. खोडाखोड नाही, पुन्हा मोजणे नाही.

व्याजही असेच. समजा, गटाचा व्याजाचा दर महिना शेकडा एक रुपया आहे. दोन हजार रुपये कर्जावर पहिल्या महिन्याचे व्याज वीस रुपये. मुद्दलातले दोनशे फेडले, की अठराशे उरले. पुढच्या महिन्याचे व्याज अठरा रुपये. हे गणित आधी वहीत हाताने करून पाहावे. मग तेच शीटकडून करून घ्यावे. दोन्ही उत्तरे जुळली, की आपल्याला आले म्हणायचे.

यंत्राला काय कळत नाही?

शीट बेरीज चुकवत नाही. पण खरे-खोटे तिला कळत नाही. आपण शंभराचे हजार लिहिले, तर ती हजारच धरील. म्हणून गटाची कागदी वही, बायकांच्या सह्या आणि अंगठे, आणि सर्वांसमोर मोजलेली रोकड, हे सोडू नये. दर बैठकीत शीटची बेरीज मोठ्याने वाचावी. पेटीतले पैसे सर्वांसमोर मोजावेत. दोन्ही जुळवावेत. न जुळल्यास त्याच बैठकीत चूक शोधावी. हिशेब एकीने लिहायचा, पण समजायचा सर्वांना.

रेडिओच्या काळचे सूत्र इथे पुरे होते. सूनबाईने ऐकले, बायकांशी बोलली आणि करून दाखवले.

बाळाच्या हातात मोबाइल नको

आईला शिकायचे आहे, म्हणून बाळापुढे दुसरा मोबाइल लावून ठेवणे चांगले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याबद्दल सल्ला दिला आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना मोबाइल किंवा टीव्हीपुढे बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. जितके कमी तितके बरे. लहान मूल बोलायला शिकते ते माणसाच्या तोंडाकडे पाहून, माणसाशी देवघेव करून. पडद्यावरचे चित्र त्याच्या हुंकाराला 'ओ' देत नाही.

आणखी एक गोष्ट. मूल पाण्याजवळ, चुलीजवळ, ओट्यावर किंवा जिन्याजवळ असेल, तेव्हा आईची नजर मोबाइलवर नसावी. बादलीभर पाणीही तान्ह्या मुलाला घातक असते. धडा थांबतो, अपघात थांबत नाही. अभ्यास मूल झोपले असताना किंवा दुसऱ्या माणसाजवळ असतानाच करावा. तीन वर्षांपुढचे मूल अंगणवाडीत जाते, तो वेळही हाती असतो.

घरच्यांनी काय करावे?

बाई मोबाइल घेऊन बसली की घरात कुजबुज होते. "दिवसभर मोबाइलच चालतो हिचा." त्यावर भांडण्यापेक्षा अभ्यासाची वही दाखवावी. आज काय शिकले, ते करून दाखवावे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आपल्या सूनबाईने सासूबाईंना विचारले, "आत्याबाई, अर्धा तास बाळाला घ्याल का? गटाचा हिशेब लिहायचाय." सासूबाईही त्याच गटात होत्या. त्या म्हणाल्या, "आण इकडं. पण माझं किती जमलं, ते आधी सांग." सूनबाईने शीटवर बोट ठेवून आकडा वाचून दाखवला. त्या दिवसापासून दुपारचा अर्धा तास पक्का झाला.

पुरुष वाचकांना एक सांगणे आहे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो घरधन्याच्या खिशात असतो. रोज ठरलेल्या वेळी तो घरात ठेवावा. तेवढा वेळ बाळाला खांद्यावर घ्यावे. मूल सांभाळण्याने पुरुषाला कमीपणा येत नाही. इंटरनेट कमी असेल तर लक्षात ठेवावे, की चित्राच्या धड्याला ते फार लागते, नुसत्या आवाजाला आणि अक्षरांना कमी लागते. जिथे धडा उतरवून ठेवायची सोय आहे, तिथे रेंज चांगली असताना तो उतरवून ठेवावा आणि सवडीने पाहावा.

कुठे शिकावे?

सरकारचे 'दीक्षा' हे अॅप २०१७ साली सुरू झाले. त्यात शाळेच्या पुस्तकांतले धडे मराठीतही आहेत. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी ठिपक्यांची खूण छापलेली असते. ती या अॅपने टिपली की त्या पाठाची माहिती उघडते. थोरल्या मुलीचा अभ्यास घेता घेता आईचाही होतो. 'स्वयम्' हा उपक्रमही २०१७ सालचा. त्यावर महाविद्यालयीन शिक्षणापर्यंतचे धडे आहेत. पुष्कळसे इंग्रजीत आहेत. धडे फुकट पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. नव्याने वाचायला शिकणाऱ्यांसाठी 'उल्लास' हे अॅप २०२३ साली आले.

ज्यांना घर सांभाळून पुढची पदवी घ्यायची असेल, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जवळच्या महाविद्यालयात चौकशी करावी.

सावध राहा

जिथे बाजार भरतो, तिथे खिसेकापूही येतात. घरी असलेल्या बायकांना काम हवे असते, हे ठगांना ठाऊक आहे. मोबाइलवर निरोप येतो, "घरबसल्या काम. चित्रफीत बघा, अंगठा दाबा, रोज पैसे मिळवा." सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरेच जमा होतात. विश्वास बसतो. मग म्हणतात, "मोठं काम हवं तर आधी पाच हजार भरा." भरले की आणखी मागतात. आणि एके दिवशी निरोपच बंद. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधाव्या. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. जो आधी पैसे मागतो तो मालक नव्हे, ठग. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपले पैसे जाणार. मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा कोणालाही सांगू नये, बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही नाही. आणि आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नये. चोरीचा पैसा त्यातून फिरला, तर पोलीस आधी आपल्याच दारी येतात.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नये. घरात रागावतील म्हणून लपवू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. घरच्यांनीही अशा वेळी आधी फोन लावावा. बोलायचे ते मागाहून बोलावे.

शेवटी

मुले भराभर वाढतात. आज पाळण्यात असलेले बाळ तीन वर्षांत अंगणवाडीत जाईल. रोज अर्धा तास मिळाला नाही, आठवड्यातून चारच दिवस मिळाला, तरी वर्षात शंभर तास होतात. शंभर तासांत हिशेब येतो, मराठी टंकलेखनाची ओळख होते, नाहीतर एखादे हुन्नर हाताला लागते. बाळ पावले टाकायला शिकते, तेव्हा ते रोज पडते, रोज उठते. त्याला कोणी हसत नाही. त्याच्या आईलाही शिकताना कोणी हसू नये.

करून पाहा

१. तुमच्या घरात लहान मुलाच्या आईला दिवसातला कोणता अर्धा तास देता येईल? तेवढा वेळ बाळाला कोण घेईल?

२. शिकायच्या एकाच गोष्टीचे नाव वहीत लिहा. तिचे सात लहान तुकडे पाडा. एका दिवशी एकच तुकडा करा.

३. दहा जणींनी महिना दीडशे रुपये भरले, तर वर्षाला किती जमतील? आधी वहीत करा, मग मोबाइलवर करून ताळा पाहा.

४. १९३० हा नंबर कशासाठी आहे? घरातल्या सर्वांना सांगा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.